प्रल्हादबुवांची किल्ली

"मंग नावं काढले कोनं?"

"नोंदीत प्रल्हादबुवांचं नाव आहे, बाबा."

"नोंदीले नाई इचारलं मी. नोंद आपल्या जागी हाये. तुले इचारलं."

कौस्तुभनं मान खाली घातली.

तो आला होता वेगळंच विचारायला. उद्या गुरुवार. उद्या केवळबाबा त्याला अनुग्रह देणार होते, आणि त्यासाठी काय काय आणायचं एवढंच त्याला हवं होतं. नारळ किती, धोतर कसलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि हे विचारलं.

समोर पळसाच्या पानांचा ढीग होता. बाबा एकेक पान उचलत, देठ खुडत आणि बांबूच्या चोयीनं शेजारच्या पानाला टाचत. उद्याच्या पंगतीच्या पत्रावळी चालल्या होत्या. त्यांनी कौस्तुभकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आणि त्याला तेच जड जात होतं.

"मी नोंद उघडली, बाबा. तिच्यात जे दिसलं तेच सांगितलं."

"खोटं नाई सांगतलं."

"नाही, बाबा."

"हं," बाबा म्हणाले आणि पुढचं पान घेतलं.

हा कौस्तुभ नाडकर पाच महिन्यांपूर्वी पुण्याहून पूर्णेकाठच्या या मठात आला. वय चौतीस. तिकडे एका मोठ्या कंपनीत तो लोकांची खाती सांभाळणारी यंत्रणा लिहीत असे. कोणाला आत घ्यायचं, कोणाला दारातच थांबवायचं, कोणाचं खातं चालू ठेवायचं, कोणाचं बंद करायचं. दोन कोटी माणसांची खाती आपल्या हाताखालून गेली, असं तो सांगायचा. दिवसातून एकदा तरी सांगायचाच.

नोकरी सोडून, आईला पुण्यात एकटी ठेवून तो शांती शोधायला आला होता. शांती काही लगेच सापडेना. काम मात्र सापडलं.

काम म्हणजे मठाची वही.

या मठात दर गुरुवारी मोठी पंगत बसते. पानं वाढून झाली की जेवायच्या आधी नावं घ्यायची रीत आहे. वहीत एकदा नाव लिहिलं की ते खोडायचं नाही. प्रल्हादबुवा वही मांडीवर घेऊन बसायचे आणि आल्या क्रमानं एकेक नाव पुकारायचे. समोर बसलेला म्हणायचा, "हाये." जो आलेला नसेल त्याच्या वतीनं पंगतीतलं दुसरं कुणीतरी "हाये" म्हणायचं, आणि जेवताना पहिला घास त्याच्या नावानं घ्यायचा. तो परगावी असेल, अंथरुणाला खिळला असेल, वारला असेल, नाहीतर कुठं गेला ते देवालाच ठाऊक असेल... त्याची विचारपूस होत नसे. नाव आलं की उत्तर द्यायचं.

अशी चारशे सोळा नावं. सगळी होईपर्यंत वरण गार व्हायचं. चाळीस वर्षं मठानं गार वरण खाल्लं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

कौस्तुभला मात्र गार वरण सोसेना.

त्यानं महिन्याभरात मोबाईलवर चालणारी यादी उभी केली. प्रत्येक नावाचं एक खातं. गुरुवारी ज्यानं त्यानं आपल्या फोनवर 'हाये' दाबायचं. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी दारातला सेवेकरी दाबणार. यादीच्या मागे त्यानं एपीआय बसवला. हे एपीआय म्हणजे काय, असं तेव्हा बाबांनी विचारलं होतं.

"खिडकी समजा, बाबा. खिडकीशी जायचं, ठरलेल्या शब्दांत मागणं मागायचं. नाव घाला, नाव दुरुस्त करा, नाव काढा. आतून लगेच होऊन येतं."

"खिडकीत बसते कोन?"

"कुणी नाही."

"मंग इचारते कोन, काहून काढतं म्हनून?"

"कुणीच नाही," कौस्तुभ हसला होता. "किल्ली बरोबर असली की झालं. तीच तर गंमत आहे."

बाबा हसले नव्हते. त्यांना समजलं नाही, असं तेव्हा त्याला वाटलं.

ही किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्या नावानं काढलेली असेल त्याच्या नावावर खिडकीतलं प्रत्येक काम नोंदलं जातं. कौस्तुभनं ती प्रल्हादबुवांच्या नावानं काढली. यादी सुरू केली त्या गुरुवारी भर पंगतीत त्यानं बुवांचा अंगठा धरून फोनवर टेकवला आणि म्हणाला, "वही बुवांची, तेव्हा किल्लीही बुवांचीच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी हात जोडले. पुण्याचा पोरगा किती रीतीचा, असं चारचौघांत झालं आणि कौस्तुभला ते फार गोड लागलं.

किल्ली त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहिली. बुवांना द्यायची तरी कशी? त्यांच्याकडे फोनच नव्हता.

वही कपाटात गेली. नावं आता कौस्तुभ वाचू लागला, हातातल्या पडद्यावरून, चांगल्या खणखणीत आवाजात.

पण एक गोष्ट त्यानं यादीत ठेवलीच नव्हती. दुसऱ्याच्या वतीनं 'हाये' दाबायची सोय. ज्याचं खातं त्यानंच दाबावं, नाहीतर हिशेब काय राहिला, असं त्याचं म्हणणं. लोक तोंडानं जुन्यासारखंच "हाये" म्हणत, पण ते यादीपर्यंत पोचत नव्हतं. चार महिन्यांनी त्यानं पाहिलं तर एकशे त्रेचाळीस खाती जन्मापासून गप्प होती.

मागच्या बुधवारी दुपारी त्यानं खिडकीपाशी एक ओळ धाडली. चार महिन्यांत ज्यांनी एकदाही 'हाये' दाबलं नाही, ती सगळी खाती काढून टाका.

त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्याच्या मनात आलं नाही. कंपनीत तो दर तिमाहीला हेच करत असे आणि त्याला शाबासकी मिळत असे.

दुसऱ्या दिवशीची पंगत झपाट्यानं उरकली. नावं संपली तेव्हा वरणातून वाफ निघत होती. कौस्तुभनं मोठ्या समाधानानं पडदा बंद केला.

"दादा," बायकांच्या रांगेतून आवाज आला, "रामधन राह्यला ना."

गोमताबाई इंगळे. पासष्टीची बाई, दर गुरुवारी पाच कोस एसटीनं यायची. तिचा लेक रामधन अकरा वर्षांपूर्वी मालट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. पोलिसांनी कागद बंद केला, भावकीनं तेरावं करून टाक म्हणून सांगितलं, सुनेनं दुसरं घर केलं. अख्ख्या मुलखात रामधनचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं ते या पंगतीत, आणि त्याला उत्तर द्यायची ती गोमताबाई.

"यादीत जेवढी आहेत तेवढी वाचली, मावशी."

"नाई बाप्पा. पुन्हा पाहा."

त्यानं पुन्हा पाहिलं. पाहायचं म्हणून पाहिलं. त्याला ठाऊकच होतं.

गोमताबाईचा उजवा हात पत्रावळीच्या काठाशी होता. तो अन्नाला लागला नाही. ती रडली नाही, भांडली नाही. नाव येईल म्हणून बसून राहिली. मग एकेक करून पंगतीतून आवाज उठले. माझा भाऊ राहिला... आमची आजी राहिली... धोंडबाजी राहिले.

सगळे कौस्तुभकडे पाहत होते.

त्यानं लॅपटॉप आणला, नोंद उघडली. एकशे त्रेचाळीस खाती काढली. कोणी काढली, पुढे नाव. ते नाव त्याचं नव्हतं. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, आणि हाताला आलं ते छापील होतं.

"नोंद सांगते," तो म्हणाला, "प्रल्हादबुवांच्या खात्यावरून काढली गेलीत."

मग पुरुषांच्या रांगेतून बुवांचा आवाज आला.

"झालं असन माह्या हातानं. म्हातारपन हाये."

ते उठले, हात न धुता बाहेर गेले, आणि त्या दिवसापासून पंगतीत बसले नाहीत. आपली भाकरी घेऊन ते गोठ्यामागे जात. रोज सकाळ-संध्याकाळ कौस्तुभला ते जाताना दिसत, आणि रोज त्याला वाटे, आज सांगून टाकू. रोज काहीतरी निघायचं.

आता बुधवार उजाडला होता.

"नावं आनले म्हनतं परत?" बाबांनी विचारलं.

"आणली, बाबा. त्याच संध्याकाळी. मागची प्रत ठेवलेली असते. एकही गेलं नाही. चारशे सोळाच्या चारशे सोळा."

"अन् गोमताबाई जेवली?"

"...त्या दिवशी नाही."

"त्या दिवसाची मागची प्रत हाये का तुह्यापाशी?"

कौस्तुभनं ढिगातलं एक पान उचललं आणि परत ठेवलं.

"अन् प्रल्हादनं सहा दिवस गोठ्यामागं भाकर खाल्ली. त्याची?"

पानाचा देठ खुडल्याचा बारीक आवाज झाला. कौस्तुभच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आपण शाळेत होतो तेव्हापासून असं झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

"ते प्रल्हादचं नाव खुपून राह्यलं का तुले? नोंदीतलं?"

"हो, बाबा."

"पुसता येते?"

"येतं."

"मंग पूस. अन् मोकळा हो. उद्या अनुग्रह हाये तुहा."

कौस्तुभनं चमकून वर पाहिलं. बाबा थट्टा करत नव्हते. चेहरा रोजच्यासारखा होता. छातीवरचं ओझं एकदम हललं. खरंच की! ओळ गेली की प्रकरण गेलं. कुणी काढली ते कुणालाच सांगता येणार नाही, बुवांवरचा बोलही आपोआप निघेल, आणि कुणाची मान खाली जाणार नाही. एवढं सोपं आपल्याला सुचू नये?

तो धावत जाऊन लॅपटॉप घेऊन आला. पानांच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसला. नोंद उघडली. ती ओळ सापडली. बोट खाली आलं...

आणि थांबलं.

"काहून रे? अडलं कुठं?"

"बाबा, पुसलं की... त्याचीही नोंद होते. ही ओळ कोणी पुसली त्याची."

"होऊ दे. कोनाच्या नावानं होते?"

कौस्तुभ वरची पानं पाहत होता. चार महिन्यांच्या ओळी. नवीन नाव घातलं... प्रल्हादबुवा. गावाचं नाव दुरुस्त केलं... प्रल्हादबुवा. एकशे त्रेचाळीस खाती काढली... प्रल्हादबुवा. एकशे त्रेचाळीस खाती परत आणली... तेही प्रल्हादबुवा. पानामागून पान. मठातली सगळी बरीवाईट कामं बुवांनी केली होती, आणि बुवांना फोन उघडतासुद्धा येत नव्हता.

एवढ्या लिखाणात कौस्तुभ नाडकर कुठंच नव्हता.

"कोनाच्या नावानं?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"...बुवांच्या."

तेव्हा बाबांचे हात पहिल्यांदा थांबले. त्यांनी अर्धी पत्रावळ खाली ठेवली. कौस्तुभचा उजवा हात आपल्या हातात घेतला, सुलटा पाहिला, उलटा पाहिला, अंगठा निरखला, आणि हळूच त्याच्या मांडीवर परत ठेवला.

"हात तं तुहाच हाये," ते म्हणाले.

कौस्तुभला रडू फुटलं. एवढा चौतीस वर्षांचा घोडा, पण ओठ आवरेनात.

"मी काढली, बाबा. मीच काढली. माझ्या हातानं."

"मले कायले सांगतं?" बाबांनी पत्रावळ पुन्हा उचलली. "माही भाकर का गोठ्यामागं गेली?"

गोठ्यामागे प्रल्हादबुवा दगडावर बसून कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. पावलं वाजली तशी त्यांनी मान उचलली.

"कोन?"

"मी... कौस्तुभ."

"ये दादा. बस."

तो बसला नाही. बसण्याइतकाही आपला हक्क उरलेला नाही, असं त्याला वाटत होतं. वाटेत त्यानं चार वाक्यं जुळवली होती. आपला हेतू काय होता, किल्ली तुमच्या नावानं का काढली, नोंद कशी पडते. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"बुवा, ती नावं मी काढली."

"हाव."

"तुमच्या किल्लीनं काढली. आणि पंगतीत तुमचं नाव सांगितलं."

"हाव. ठावं हाये मले."

"...ठाऊक आहे?"

बुवांनी पेंढीला पीळ दिला, गाठ मारली, ती चाचपून पाहिली.

"मले दिसत नाई ना दादा. नऊ वर्षं झाले. काचबिंदू म्हनते डॉक्टर. मानसाची सावली कळते, अक्षर नाई कळत."

"पण तुम्ही वही वाचत होता! मी स्वतः पाहिलंय."

"पानं उलटवत होतो. नावं पाठ हायेत. वही मांडीवर असली का लोकाईले बरं वाटते."

पाच महिने कौस्तुभ या माणसाशेजारी उठला बसला होता. बुवा दर वेळी आधी "कोन?" विचारतात, भिंतीला बोट लावून चालतात, वाटी पुढे केली की आधी तिची कड शोधतात. सगळं समोर होतं. दोन कोटी माणसांची ओळख पटवणाऱ्याला शेजारच्या माणसाचे डोळे दिसले नव्हते.

"हे अजून कुणाकुणाला ठाऊक आहे, बुवा?"

"साऱ्याईले. बाबाले हाये, दारावरच्या सेवेकऱ्याले हाये. गोमताबाईले तं पयल्यापासून हाये. तुलेच तेवढं नव्हतं."

म्हणजे त्या गुरुवारी, तो लॅपटॉप उघडून नोंद वाचून दाखवत होता तेव्हा, समोरच्या दीडशे माणसांना ठाऊक होतं. आंधळ्यानं पडद्यावरची नावं काढली, असं एक शिकलासवरला माणूस त्यांना पुराव्यानिशी सांगत होता, आणि ते ऐकून घेत होते. सहा दिवस ते त्याला वाढत होते, "दादा, अजून भाकर घ्या" म्हणत होते, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पायांखालची जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते त्याला आजवर बोलण्याची पद्धत वाटत आलं होतं.

तो खाली बसला.

"मग तुम्ही 'माझ्या हातानं झालं असेल' असं का म्हणालात?"

"तुहा आवाज कापला," बुवा म्हणाले. "दिसत नसलं का आवाज लय कळते, दादा. म्हनलं, पोरगं नवं हाये. आठ दिवसांत अनुग्रह हाये त्याचा. इथून तोंड लपवून गेलं तं मंग कुठं जाईन? मले चाळीस वर्षं झाले इथं. माह्या नावावर एखादी चूक खपून जाते."

"आणि पंगतीत का बसत नाही?"

बुवा कडब्याची एक काडी बोटांत फिरवत राहिले.

"मी समोर बसलो असतो तं तुह्या घशाखाली घास उतरला नसता."

कौस्तुभनं त्यांचे पाय धरले. बुवांनी ते ओढून घेतले.

"शिव्या द्या मला, बुवा. हात उगारा. काहीतरी करा."

"शिव्या कायले? ह्या पेंढ्या उचल अन् गाईपुढं टाक. माही कंबर धरली हाये."

त्यानं पेंढ्या उचलल्या. सगळ्या टाकून झाल्या तरी तो गाईपुढे उभाच होता.

संध्याकाळी त्यानं बुवांच्या नावाची किल्ली मोडली आणि आपल्या नावानं नवी काढली. जुनी ओळ त्यानं पुसली नाही. तिच्याखाली टीप जोडली, की हे काम प्रल्हादबुवांनी केलेलं नाही, कौस्तुभ नाडकर यानं केलं. त्या नोंदीत त्याचं नाव असलेली ही पहिली ओळ. ती लिहायला त्याला अर्धा तास लागला.

गुरुवारी पंगत बसली. प्रल्हादबुवांना तो स्वतः गोठ्यामागून हाताला धरून घेऊन आला. पानं वाढून झाली. लोक नावांची वाट पाहू लागले.

कौस्तुभ उभा राहिला. पाठ केलेलं सगळं विसरला.

"मागच्या बुधवारी एकशे त्रेचाळीस नावं काढली गेली. ती मी काढली. कुणाला विचारलं नाही. आणि मग इथंच उभा राहून बुवांवर ढकललं. ते खोटं होतं."

तो थांबला. कुणीतरी ओरडेल, कुणीतरी उठून जाईल, निदान कुजबुज तरी होईल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. लोक पत्रावळीकडे पाहत बसले. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याला ते सोसणार नाही म्हणून पाहिलं नाही, हे त्याला कळलं आणि ते जास्तच लागलं.

"गोमतामावशी," तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी उपाशी गेलात..."

"ते राहू दे बाप्पा," गोमताबाई म्हणाली. "नाव घे आता. आठ दिवस झाले, रामधनले हाक नाई कोनाची."

कौस्तुभला नाव घ्यायचं धाडस झालं नाही. तो बुवांपाशी गेला. "बुवा, तुम्ही घ्या. मला नाही जमणार."

बुवांनी वही मागितली नाही. मांडीवर मोकळे हात ठेवून त्यांनी सुरुवात केली. आल्या क्रमानं, एकामागून एक, न अडखळता. मेलेले, हरवलेले, दूर गेलेले, समोर बसलेले. "रामधन पुंडलिक इंगळे" आलं तेव्हा गोमताबाईनं "हाये" म्हटलं, एवढ्या जोरात की बाहेर बांधलेली गाय हंबरली. लोक हसले. तीही हसली.

शेवटचं नाव कौस्तुभचं होतं. तो "हाये" म्हणाला खरा. शेजारच्यालाही ऐकू आलं नसेल.

लोक जेवू लागले. वरण पार गार झालं होतं. कौस्तुभला घास उचलवेना. तो उठला आणि पंगतीच्या टोकाला केवळबाबा बसले होते तिथं जाऊन उभा राहिला.

"बाबा, आज अनुग्रह नको."

"बरं."

"मला शिक्षा सांगा."

बाबा भात कालवत होते.

"निदान यादीतून माझं नाव तरी काढतो, बाबा. या माणसांच्या ओळीत ते शोभत नाही."

"काढ."

कौस्तुभला वाटलं होतं, बाबा नको म्हणतील.

"...काढू?"

"काढ ना. किल्ली तं आता तुह्याच नावाची हाये."

तो वळला. दोन पावलं गेला असेल, तोच गोमताबाईच्या पानाकडे पाहत बाबांनी हाक मारली.

"पन आधी तुह्या मायले इचारून ये."